सुरीआधीचे तास

मार्च 2025 मध्ये मंत्री नितेश राणे यांनी झटका मटणाच्या दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्राची घोषणा केली आणि हलाल की झटका हा वाद महाराष्ट्रात पुन्हा पेटला. सुरी कोणाच्या हातात असावी, यावर सगळे तावातावाने बोलले. बोकडाविषयी फारसं कोणी बोललं नाही.

पुण्याच्या वारज्यात रविवारी सकाळी मटण-चिकनच्या दुकानांपुढे रांगा लागतात. गटारीला तर विचारायलाच नको. रांगेत सगळ्या धर्मांची माणसं असतात. कोंबड्या येतात टेम्पोतल्या दाटीवाटीच्या क्रेटमधून. पाय धरून, उलट्या लोंबकळत त्या आत नेल्या जातात आणि जाळीतून शेजारणीची मान कापलेली पाहतात. हे कोणत्या धर्माने सांगितलं आहे?

धर्म सांगतो ते वेगळंच. जनावरासमोर सुरीला धार लावू नये, एकाच्या देखत दुसऱ्याला कापू नये, असं इस्लामी परंपरा बजावते. एका घावात जीव जावा, हा झटक्याचा आग्रह. कत्तलखान्यांसाठीचे 2001 चे केंद्रीय नियम याच वाटेने जातात: कत्तलीपूर्वी 24 तास विश्रांती, पशुवैद्यकाची तपासणी, इतर जनावरांच्या नजरेआड कत्तल, गाभण जनावराला हात लावायचा नाही. पण जिथे रोज दहा किंवा अधिक जनावरं कापली जातात, तोच या नियमांच्या व्याख्येतला कत्तलखाना. कोपऱ्यावरचं छोटं मटणाचं दुकान त्यातून सहज निसटतं.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा. त्याचं कलम 28 धर्माला आवश्यक अशा पद्धतीने जीव घेण्याला सूट देतं. सूट तेवढीच. तहानलेलं ठेवायला, गाडीत कोंबायला ती लागू होत नाही. असं करणं कलम 11 खाली गुन्हाच आहे.

बेशुद्ध न करता कापावं का, हा प्रश्न खरोखर अवघड आहे आणि तो टाळू नये. न्यूझीलंडमध्ये हलालसाठीही आधी विजेच्या धक्क्याने जनावराला बेशुद्ध करतात. हृदय चालू राहतं, म्हणून तिथल्या मुस्लिम संस्थांना ते मान्य आहे. म्हणजे श्रद्धा न दुखवता मार्ग निघतो. इथेही धर्मगुरू, खाटीक आणि पशुवैद्यक यांनी एकत्र बसायला हवं.

तोवर पुणे महापालिकेने वारज्यापासून सुरुवात करावी. परवान्याच्या अटींत चारच गोष्टी घालाव्यात: पिंजऱ्यात पाणी, क्रेटमध्ये मोजके पक्षी, कापण्याच्या जागेला आडोसा आणि रविवारी सकाळी, ऐन गर्दीत, अचानक तपासणी.