पाटी लागली, माणसे कुठे आहेत?



कापूस खरेदी केंद्राची पाटी लागली, काटा आला, पण ग्रेडरच आला नाही, तर गाड्या रांगेत उभ्याच राहतात. हा अनुभव आपल्याला नवा नाही. सरकारी व्यसनमुक्ती उपचाराचे दुखणे हेच आहे. खाटा मोजून दाखवल्या जातात. रात्री खाटेजवळ कोण असते, ते विचारावे लागते.

हा प्रश्न जिवाचा आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी सुटली की हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. पुढच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. योग्य गोळ्या आणि ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर हा धोका बराच टळतो. पण त्यासाठी रात्रंदिवस लक्ष ठेवणारी प्रशिक्षित नर्स हवी, हाकेच्या अंतरावर डॉक्टर हवा. घरी गेल्यावर तो पुन्हा बाटलीकडे वळू नये म्हणून महिनोन्महिने समुपदेशक हवा. यातले एक माणूस नसले की उपचार तुटतो.

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकाला काही ना काही मदत मिळते. दाखल होऊन उपचार १८० जणांत एकाला!

चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी आली, २०२१ साली उठली. वाद झाला तो दुकानांचा. दुकान बंद असो की उघडे, आहारी गेलेला माणूस घरातच असतो आणि त्याचा मार घरची लक्ष्मी सोसते. दारूवरचा कर सरकार घेते; खाजगी केंद्राची फी भरायला शेतकऱ्याने ज्वारी विकायची की सावकार गाठायचा?

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या व्यसनातून होणारे मानसिक आजार धरले आहेत. सरकारी उपचार हा त्यात हक्क आहे, उपकार नव्हे. किमान सेवा जिल्ह्यात नसेल, तर जिल्ह्यातच दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसावा, असे कलम १८ सांगते.

म्हणून प्रत्येक तालुक्याने माहितीच्या अधिकारात जिल्हा रुग्णालयाला तीन प्रश्न विचारावेत. व्यसनमुक्तीसाठी पदे मंजूर किती? भरलेली किती? रात्रपाळीला कोण? उत्तरे पुढच्या जिल्हा बैठकीत मोठ्याने वाचू आणि रिकामी पदे भरण्याची तारीख लेखी घेऊनच उठू.