झडीतली आलमारी

वऱ्हाडात ओलीची धास्ती कुणाला नसते. ती कोकणाची डोकेदुखी, असं आपण धरून चालतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा घरही त्याच हिशेबानं लावलेलं असतं: आलमारी भिंतीला टेकवलेली, खिडकीत कूलर. जूनच्या मध्याला पाऊस येतो, पण मांडणी उन्हाळ्याचीच राहते. मग महालक्ष्म्यांसाठी जपून ठेवलेल्या साड्या काढायला जावं, तर कुबट वास येतो.

तो वास बुरशीचा. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की कापड, लाकूड, कागद, सगळ्यांवर ती धरते. डांबराच्या गोळ्यांनी कसर लांब राहते, ओल मात्र तसूभरही हटत नाही. उलट दोन वास एकमेकांत मिसळतात.

कूलर हा आपल्याकडचा मोठा गुन्हेगार आहे, असं माझं ठाम मत आहे. मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो गारवा देतो, कारण पाणी झपाट्यानं उडतं. झड लागल्यावर हवा आधीच पाण्यानं भरलेली असते. मग तो गार करत नाही, खोली तेवढी दमट करतो. पाऊस जमला की पंप बंद करावा, टाकी रिकामी करावी, नुसता पंखा चालवावा.

दुसरी गोष्ट भिंतीची. पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूरसारख्या खारपाणपट्ट्यातल्या गावांत, ती फार महत्त्वाची आहे. काळी माती पाणी धरून ठेवते, आणि जोत्यात डीपीसीचा, म्हणजे ओल अडवणारा, थर नसेल तर तेच पाणी विटांतून वर चढतं. सोबत क्षार येतात. भिंतीला लोणा लागतो, पोपडे सुटतात. हे क्षार दमट हवेतलं पाणीही ओढतात, म्हणून भिंत वाळली असं वाटतं आणि पुन्हा ओली होते. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट चढवला की आतली ओल आणखी वर सरकते. आलमारीमागे नेमकं काय चाललंय ते कळायला प्लास्टिकचा एक तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीनं लावा आणि दोनेक दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या मागे आले तर ओल भिंतीतली, पुढे आले तर खोलीतल्या हवेतली. कोणतीही असो, आलमारी भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि खाली विटा ठेवा.

कपड्यांचं म्हणाल, तर पंख्याखाली वाळलेली पँट कमरेच्या पट्ट्यापाशी ओलीच असते. हात लावून बघितल्याशिवाय घडी करू नये. स्टार्च केलेलं कापड पावसाळाभर ठेवूच नये, बुरशीला ते आयतं खाद्य. साड्यांची प्लास्टिकची कव्हरं काढा, जुन्या धोतरात गुंडाळा. कडुनिंबाचा पाला ओला घालू नका, सावलीत वाळवून घाला. सातबारा, गुणपत्रिका असले कागद घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावेत.

कोकणाला फारशी न मिळणारी एक सोय आपल्याला आहे: उघडीप. झड थांबून दुपारी ऊन पडलं की आलमारीची दोन्ही दारं सताड उघडा, समोर पंखा लावा. झड चालू असताना मात्र उघडू नका, बाहेरची ओल आत शिरते. आणि दर्यापूरकडे नवं घर बांधत असाल, तर जोतं भरताना मिस्त्रीजवळ स्वतः उभं राहून डीपीसी घालून घ्या. एकदा भिंत उभी राहिली की ते काम फार महागात पडतं.