संगणक बंद पडला म्हणजे खाते बुडाले नव्हे

दुकानातला संगणक सकाळी सुरू झाला नाही की आपल्या बाजारात एकच शब्द ऐकू येतो, फॉरमॅट. दुरुस्तीवाला मुलगा येतो, पडद्याकडे पाच मिनिटे पाहतो आणि सांगतो, "चाचा, फॉरमॅट मारना पडेगा." आपण मान हलवतो. संध्याकाळी यंत्र नव्यासारखे होऊन परत येते, फक्त त्यात तीन वर्षांची उधारी नसते. कोणाला किती ताके गेले, कोणत्या दलालाची किती दलाली बाकी, सायझिंगवाल्याला काय दिले, सारे पुसलेले. मग गिऱ्हाइकाच्या जबानीवर वसुली करावी लागते, आणि ती कशी होते हे व्यापारी बांधवांना सांगायला नको.

माझे मत स्पष्ट आहे. यंत्र सुरू न होणे ही एक गोष्ट आणि आतली वही जाणे ही दुसरी गोष्ट. पहिली वारंवार घडते. दुसरी आपोआप क्वचितच घडते. बहुतेक वेळा ती आपल्याच परवानगीने, दुरुस्तीच्या टेबलावर घडते. म्हणून फॉरमॅटला हो म्हणण्यापूर्वीचा अर्धा तास मालकाने स्वतः यंत्रापुढे बसले पाहिजे.

हा विषय आज काढण्याचे कारण आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी जुने संगणक दाराबाहेर राहिले. अशा संगणकांवर आता लिनक्स बसवले जात आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेले हे काम आज जगभरचे लोक मिळून चालवतात. त्याच्या अनेक मांडण्यांपैकी मिंट ही दुकानाला सोयीची आहे. तिला पैसे पडत नाहीत आणि चोरीच्या प्रतीवर धंद्याचा हिशेब ठेवण्याचा प्रश्नही मिटतो. टॅली मुळात विंडोजसाठी आहे, ही अडचण खरी. पण ज्यांचा हिशेब लिब्रेऑफिसच्या तक्त्यात मावतो आणि जीएसटीचे विवरण ब्राउझरमधून भरले जाते, त्यांचे काम अडत नाही.

अडचण दुसरीच आहे. आपल्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यांपैकी बऱ्याच जणांना लिनक्स ठाऊक नाही. जे ठाऊक नाही ते ते पुसून टाकतात आणि ठाऊक असलेले बसवतात. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण वही आपली जाते.

यंत्रमाग बंद पडला तर जॉबर काय करतो? मोटर फिरते का, पट्टा बसलेला आहे का, ताणा तुटला की बाणा, हे क्रमाने पाहतो. माग कोणत्या जागी थांबला हे कळले की अर्धी दुरुस्ती झाली. संगणकाचेही तसेच आहे. बटण दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत तो पाच पायऱ्या चढतो. आधी वीज आणि यंत्राचे स्वतःचे भान, मग ग्रब नावाचा दरवान, मग लिनक्सचा गाभा आणि डिस्क, मग पासवर्ड विचारणारा पडदा, आणि शेवटी डेस्कटॉप. तो कोणत्या पायरीवर अडला ते पाहा आणि पडद्याचा मोबाइलवर फोटो घ्या. उर्दू माध्यमात शिकलेल्या माझ्यासारख्याला इंग्रजी ओळींचा तो लोंढा शिवीगाळ वाटतो. पण त्यातील फार थोडे वाचायचे असते: ज्या ओळीत फेल्ड किंवा एरर असा शब्द आहे ती ओळ, एवढेच.

कंपनीचे नावही पडद्यावर आले नाही तर लिनक्सचा यात काही दोष नाही आणि फॉरमॅटने काही होणार नाही. आमच्या मालेगावात कापसाची रुई सगळीकडे शिरते. पंखा तिने गच्च होतो आणि यंत्र तापून बंद पडते. वीज तोडून आत स्वच्छ करावे, मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात पेन्सिलच्या रबराने पुसावेत आणि पट्टी पुन्हा घट्ट बसवावी. संगणकाची तारीख दर सकाळी मागे जात असेल तर आतला सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला आहे. तो स्वस्तातला सेल आहे, पण तो संपला की यंत्र आपल्या सेटिंगा विसरते आणि कधीकधी कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे तेही विसरते. तारीख चुकली की बँकेची आणि जीएसटीची संकेतस्थळेही ब्राउझर उघडू देत नाही.

नाव आले पण पुढे "बूट डिव्हाइस नाही" असा संदेश आला, तर आधी मागे-पुढे लावलेले सगळे पेनड्राइव्ह काढा. यंत्र त्यातच लिनक्स शोधत बसलेले असते. मग सेटिंगच्या पानावर डिस्कचे नाव दिसते का पाहा. दिसत नसेल तर डिस्कची तार सैल आहे का ते बघावे. दिसत असेल तर डिस्कला निदान ओळख आहे, आणि वही बहुधा तिथेच आहे.

काल नवे अपडेट घेतले आणि आज यंत्र अडले, असेही होते. लिनक्स जुना गाभा लगेच फेकून देत नाही. कंपनीचे नाव येताच एस्केप, आणि जुन्या यंत्रात शिफ्ट, दाबले की ग्रबची यादी उघडते. त्यातील ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये आधीचा गाभा निवडावा. यंत्र सुरू झाले तर दोष नव्या गाभ्यात आहे, पुढचे अपडेट येईपर्यंत जुन्यावर काम चालवावे. तिथेच रिकव्हरी मोड नावाची ओळ आहे. तिच्या आत डिस्क तपासणारी एफएससीके, अडकलेले अपडेट पूर्ण करणारी डीपीकेजी आणि जागा मोकळी करणारी क्लीन अशा तयार सोयी ठेवलेल्या आहेत. आज्ञा पाठ करण्याची गरज नाही. पडदा नुसताच काळा राहत असेल तर याच यादीतून रिझ्युम निवडल्यास यंत्र साध्या चित्रपद्धतीने सुरू होते. त्यावरून ग्राफिक कार्डाच्या ड्रायव्हरवर संशय घ्यायला हरकत नाही.

आता आपल्या भागातला सगळ्यांत मोठा रोग, म्हणजे वीज जाणे. तो नीट समजून घेण्यासारखा आहे. लिनक्सची डिस्क बहुधा ईएक्सटी४ पद्धतीने मांडलेली असते आणि तिच्यात जर्नल असते. हे जर्नल म्हणजे आपली रोजकीर्दच. खतावणीत खाडाखोड करण्यापूर्वी डिस्क कुठे काय बदलणार आहे ते आधी रोजकीर्दीत टिपून ठेवते. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी ती रोजकीर्द वाचून खतावणी सरळ केली जाते. म्हणून दहातील नऊ वेळा आपल्याला काही कळतही नाही. कधी मात्र गुंता रोजकीर्दीने सुटत नाही. मग काळ्या पडद्यावर इनिटरॅमएफएस असे लिहून यंत्र गप्प उभे राहते. हेच पाहून बहुतेक दुरुस्तीवाले फॉरमॅट म्हणतात. प्रत्यक्षात यंत्र एवढेच सांगत असते की डिस्कचा हिशेब जुळत नाही, कोणीतरी तपासावा. तिथे एक्झिट टंकून एंटर दाबले की बहुधा कोणता भाग तपासायचा त्याचे नाव दिसते. मग एफएससीके ही आज्ञा, ते नाव आणि उणे चिन्हासह वाय, असे रोमन लिपीत टंकावे. तपासणी संपली की पुन्हा एक्झिट.

पण इथे एक अट आहे आणि ती मोडू नये. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा फोटोतल्या ओळींत वाचता न येण्याच्या तक्रारी पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर तपासणी चालवू नका. मरणाऱ्या डिस्कला तपासणीचा मार सोसत नाही. आधी नक्कल काढावी, दुरुस्तीचा विचार नंतर.

पासवर्डच्या पायरीवर दोन प्रकार दिसतात. एकात पासवर्ड चुकीचा म्हणून परत येतो. उर्दू किंवा मराठी टंकलेखन ठेवणाऱ्यांनी आधी कोपऱ्यातली भाषेची खूण पाहावी. कळफलक उर्दूवर राहिला असेल तर बरोबर पासवर्डही चूक ठरतो आणि ठिपक्यांमुळे आपल्याला काही दिसत नाही. दुसऱ्या प्रकारात पासवर्ड मान्य होतो, पडदा क्षणभर हलतो आणि पुन्हा पासवर्डच मागतो. याचे नेहमीचे कारण डिस्क काठोकाठ भरणे हे आहे, आणि दुकानाच्या संगणकात ती कशाने भरते ते मुलांना विचारावे. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकत्र दाबले की साधा काळा पडदा येतो. तिथे नाव-पासवर्ड देऊन डीएफ, जागा, उणे एच टंकले की कोणता भाग शंभर टक्के भरला ते दिसते. तसे नसेल तर बहुधा आपल्या फोल्डरमधील एक्सऑथॉरिटी या लपलेल्या फाइलची मालकी बिघडलेली असते. ती पुसली तरी चालते, यंत्र नवी करून घेते.

शेवटची पायरी डेस्कटॉपची. खालची पट्टी गायब, चिन्हे गायब, माउस फिरतो पण काही उघडत नाही. भीती इथेच सर्वांत जास्त वाटते आणि धोका इथेच सर्वांत कमी असतो. पट्टी म्हणजे दुकानाची पाटी. पाटी पडली म्हणून माल जात नाही. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये कंट्रोल, आल्ट आणि एस्केप दाबले की डेस्कटॉप पुन्हा उभा राहतो. तरी जमले नाही तर नव्या नावाने एक खाते उघडून पाहावे. तिथे सगळे ठीक असेल तर यंत्र निरोगी आहे, फक्त तुमच्या खात्याच्या सेटिंगा बिघडल्या आहेत.

कोणी म्हणेल, व्यापाऱ्याने धंदा करावा की संगणक खोलत बसावे? मी खोलत बसा म्हणत नाही. वरचे काहीच जमले नाही तरी एक गोष्ट प्रत्येकाला जमते. मिंट भरलेला एक पेनड्राइव्ह गल्ल्यात ठेवावा. तो लावून यंत्र सुरू केले की डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालते. त्यातून आतली डिस्क उघडावी, होम फोल्डरमधली दुकानाची वही दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवावी आणि उघडून खात्री करावी. विंडोजच्या डिस्कवरूनही अशीच नक्कल निघते, मात्र ती बिटलॉकरने कुलूपबंद नसावी. ज्याच्या हातात नक्कल आहे त्याला कोणी फॉरमॅटची भीती घालू शकत नाही.

मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय असते. ती चालू आहे म्हणून निर्धास्त राहणारे मी पाहिले आहेत. पण ती मुळात यंत्रणेची नक्कल ठेवते. आपल्या फाइली, आपण मुद्दाम सांगितले नाही तर, ती वगळते. वहीची नक्कल वेगळीच काढली पाहिजे. आमच्याकडे शुक्रवारी माग बंद असतात, तो दिवस या कामाला चांगला.

आणि मजुरीचे काय? दुरुस्तीवाल्याला आपण पैसे देतो ते यंत्र चालू करून देण्याचे. नक्कल काढण्यात त्याचा तासभर जातो आणि त्या तासाचे त्याला काही मिळत नाही, म्हणून तो सर्वांत जवळचा रस्ता धरतो. आपणही कमी मजुरीत तसेच करू. तेव्हा त्याने पेचकस हातात घेण्यापूर्वीच दोन भाव ठरवावेत, एक वही उतरवून देण्याचा आणि एक यंत्र चालू करण्याचा. पहिल्या कामाचे पैसे वही डोळ्यांनी पाहिल्यावर तिथेच द्यावेत आणि त्यानंतरच दुसऱ्या कामाला हात लावू द्यावा.