वाचणारा कुणीतरी हवा



आपल्या वर्गात दर सत्रात निबंध होतात. 'माझी आई', 'माझा आवडता सण', 'पावसाळ्यातील एक दिवस'. बाई ते तपासतात, लाल शाईने वेलांट्या सुधारतात आणि वही दप्तरात जाते. (आईवरचा निबंध आईला बहुधा दिसतही नाही!) आमचे स्पष्ट मत असे की, बारा वर्षांपुढच्या मुलांना हे निबंध देणे थांबवावे आणि जे खरोखर छापून कुणाच्या तरी हातात जाणार आहे, तेच त्यांच्याकडून लिहून घ्यावे.

आपल्या मुलांची घरातली मराठी ही जेवणखाणाची आणि 'लवकर आवर'ची मराठी आहे. इकडच्या शाळेत मात्र सहावी-सातवीतच ती पुरावा मांडतात, दोन मतांची तुलना करतात, माहिती कुठून घेतली ते लिहितात. त्यासाठी लागणारे 'याउलट', 'त्यावरून असे दिसते', 'अमक्यांच्या मते' हे मराठी शब्द त्यांच्या कानावर पडणार कुठून? विचार तेरा वर्षांचे आणि मराठी पाच वर्षांची, अशी ओढाताण सुरू झाली की वर्गाच्या दिवशी सकाळी पोट दुखू लागते.

यावरचा एक उपाय शंभर वर्षांचा जुना आहे. सेलेस्तँ फ्रेने हे दक्षिण फ्रान्समधल्या बार-स्यूर-लू या खेड्यातले शिक्षक. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाल्याने त्यांना वर्गात फार वेळ बोलणे झेपत नसे. १९२४ साली त्यांनी वर्गात एक छोटे छपाईयंत्र आणले. मुले स्वतःचा मजकूर लिहीत, सगळ्यांनी मिळून तो दुरुस्त करीत आणि खिळे जुळवून छापीत. पुढे हे कागद दूर ब्रिटनी प्रांतातल्या एका शाळेत जाऊ लागले आणि तिकडचे इकडे येऊ लागले. ज्याने आपले गाव पाहिलेलेच नाही अशा वाचकासाठी लिहायचे, म्हणजे नीट समजावून सांगणे आलेच.

आपल्याकडे छपाईयंत्र नाही, पण फोटोकॉपीचे यंत्र आहे आणि हे वार्तापत्र आहे. यातली चार पाने मोठ्या मुलांना द्यावीत आणि तो अंक महाराष्ट्रातल्या एखाद्या शाळेला पाठवावा. तिथे हस्तलिखितांची परंपरा आहेच. त्यांनी आपले हस्तलिखित आपल्याला पाठवावे.

समजा, एखाद्या मुलीने मोनार्क फुलपाखरावर लिहायचे ठरवले. शरद ऋतूत ही फुलपाखरे इथून मेक्सिकोच्या डोंगरांकडे जातात, काही तर ३,००० मैलांपर्यंत. ती हिवाळा नेमकी कुठे काढतात ते शास्त्रज्ञांना १९७५ साली कळले. हे सारे तिला शाळेत शिकवलेले असते. पण त्यांच्या अळ्या 'मिल्कवीड' खातात, हे साताऱ्याच्या मुलाला कसे सांगणार? मग आजीला फोन होतो, पुस्तक उघडले जाते आणि कळते की मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्या कुळातली झाडे. तीच रुई, जिच्या पानांची माळ शनिवारी मारुतीला घालतात! शिवाय रुईवर वाढणारे प्लेन टायगर हे आपल्याकडचे फुलपाखरू मोनार्कच्याच प्रजातीगटातले. आता व्याख्या, तुलना आणि आधार हे तिन्ही तिला मराठीत लिहावे लागते, आणि तेही बाई सांगतात म्हणून नव्हे, वाचणाऱ्याला कळावे म्हणून. त्या मुलाने उलट प्रश्न विचारला, तर पुढच्या अंकात उत्तर द्यायला हवे.

काही पालक म्हणतात, आधी व्याकरण पक्के होऊ दे, मग छापा. आम्हाला हे पटत नाही. आम्ही सॉफ्टवेअरच्या धंद्यातली माणसे. जो प्रोग्रॅम कुणी चालवणारच नाही, तो मन लावून कोण तपासतो? मुले 'आणी' लिहितात, कारण शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ असतो हा नियम आपणच त्यांना शिकवतो. 'आणि' हा अपवाद. वहीत तो दहादा दुरुस्त केला तरी विसरतो. छापण्याच्या आदल्या दिवशी मित्राने दाखवला की तो सहसा विसरत नाही. तरी चार चुका राहतील. राहू द्याव्यात.

एक अट मात्र हवी. लेख मुलाचाच असावा. 'तस्मात्' आणि 'किंबहुना' असलेला सहावीतल्या मुलाचा लेख पाहिला की वाचणारे काय ते समजतात! पालकांनी शब्द सांगावा, वाक्य सांगू नये. लेखाखाली दोन ओळींत माहिती कुठून मिळाली ते मुलाने लिहावे. 'आजीने सांगितले' हेही चालेल, पण कोणत्या गावच्या आजीने ते हवे.

लहान मुलांच्या गोष्टी, कविता आणि चित्रे आहेत तशीच राहावीत. बाईंवर आधीच पुष्कळ काम आहे, म्हणून पहिला खर्डा मुलांनी एकमेकांचा वाचावा आणि बाईंकडे दुसरा जावा. आता प्रश्न उरतो तो शाळा शोधण्याचा. ज्यांच्या ओळखीचे शिक्षक गावाकडे आहेत, त्यांनी पुढच्या वर्गाच्या आधी बाईंना सांगावे.