शाई फुटली, बरे झाले!

हस्तव्यवसायाचा तास मुलांना आवडतो, कारण त्याला गृहपाठ नसतो. गेल्या सहामाहीत मी सहावीच्या वर्गाला कागद करायला शिकवायचे ठरवले. कागद फाडण्यात आमचा वर्ग आधीच तरबेज होता. म्हटले, उरलेली अर्धी विद्याही येऊ दे.

भांडवल केराच्या टोपलीतच होते. आठवड्यात पोते भरले. चकचकीत कागद पाण्याला दाद देत नाही, म्हणून तो बाजूला काढला. बाकीच्याचे नखाएवढे तुकडे रात्रभर भिजवले, वाटून लगदा केला आणि टबभर पाण्यात सोडला. जाळी ठोकलेली चौकट त्यात बुडवायची, आडवी धरून अलगद उचलायची, पाणी निथळले की ओल्या फडक्यावर पालथी घालायची.

"बाई, डिंक कधी घालायचा?"

"घालायचाच नाही. पाणी आटता आटता तंतूच तंतूला धरून ठेवतात."

मग पुण्याच्या कसब्यातला कागदीपुरा सांगितला. कागद करणाऱ्यांची वस्ती, म्हणून ते नाव. १९४० साली पुण्यातच हातकागद संस्था निघाली, हेही सांगितले. पाठ उत्तम झाला, अशा समाधानात मी घरी गेले.

दोन दिवसांनी मागच्या बाकावरचा एक अबोल मुलगा खाली मान घालून उभा राहिला. गावी एकट्या राहणाऱ्या आजीला त्याने आपल्या कागदावर दिवाळीचे पत्र लिहिले होते, तेही ठेवणीतले शाईचे पेन काढून. 'तीर्थरूप आजीस' या अक्षरांना चहूबाजूंनी मिशा फुटल्या होत्या! वर्ग खो खो हसला. त्याचे डोळे भरून आले.

माझ्या पोटात धस्स झाले. चूक त्याची नव्हतीच. मी खळ द्यायची विसरले होते! नुसत्या लगद्याचा कागद म्हणजे टीपकागदच. तंतूंमधल्या बारीक फटी शाई शोषतात आणि ती पसरते. जुने कागदी लोक म्हणूनच कागदाला खळ देत आणि मग गुळगुळीत दगडाने घोटत.

हे सारे वर्गाला सांगितले, आणि "चूक माझी आहे" हेही सांगितले. हसू एकदम थांबले. बाईही चुकतात, ही बातमी मुलांना कागदीपुऱ्याहून मोठी वाटली असावी.

दुसऱ्या दिवशी मी घरून तांदळाची पातळ खळ करून नेली. त्या मुलाने मात्र आधी आपले फुटक्या शाईचे पत्र स्वतःच्या हाताने फाडले आणि भिजत घातले. त्याचा नवा कागद झाला. वाळल्यावर त्याला खळ दिली, ती सुकली तेव्हा चमच्याच्या पाठीने घोटला. या खेपेस अक्षर जिथल्या तिथे राहिले. फक्त कागदावर फिकट निळी झाक आली होती.

"बाई, पहिले पत्र यातच आहे ना?" त्याने विचारले.

"यातच आहे," मी म्हटले.

पत्र आजीकडे गेले. उत्तराची वाट तो पाहतो आहे. खरे सांगायचे तर मीही.

आणि वाचकहो, हा मजकूर लिहिताना मी चार पाने फाडली. ती न्हाणीघरातल्या बादलीत भिजत आहेत. घरची मंडळी कुरकुरताहेत. पण या दिवाळीत त्यांना शुभेच्छा त्याच कागदावर मिळणार आहेत, खळ देऊन!