शिक्का नको, उपचार हवा

‘सिकलसेल रक्तातच आहे, त्याला कोण काय करणार?’ हे वाक्य विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की ती आता म्हणच होऊन बसली आहे. बोलणारे कधी सोयरीक मोडायला आलेले पाहुणे असतात, कधी घरचेच म्हातारेकोतारे, तर कधी शिकलेसवरलेलेही. जन्माने जे ठरले ते बदलत नाही, ही शिकवण आपण १९५६ साली दीक्षाभूमीवर सोडून आलो. आता तीच ‘जीन’चे नाव घेऊन मागच्या दाराने घरात शिरत असेल, तर पेशीच्या केंद्रकात खरोखर काय चालते ते समाजाने समजून घेतले पाहिजे.

माणसाच्या एका पेशीतला डीएनए उलगडून सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. तो ज्या केंद्रकात राहतो ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे, बहुधा त्याहूनही लहान. शाळेत आपण केंद्रक म्हणून एक गोल काढतो आणि आत सुतळीचा गुंता दाखवतो. असा गुंता असता तर पेशी एक दिवसही चालली नसती. आत प्रत्येक गुणसूत्राची आपली जागा आहे. जी जनुके त्या पेशीला वाचायची नसतात त्यांतली पुष्कळशी केंद्रकाच्या कडेला, अस्तराला चिकटून घट्ट बांधलेली असतात. वाचायची असतात ती बहुधा आतल्या बाजूला, सैल सुटलेली. मेंदूच्या पेशीत आणि कातडीच्या पेशीत डीएनए तोच. कोणते पान उघडे आणि कोणते मिटलेले, यावर पेशीचे काम ठरते.

कडेचे मुके आणि आतले बोलके, हे ऐकून कुणी मनुवादी ‘बघा, निसर्गालाही गावकूस आहे’ असे म्हणायच्या आत सांगून टाकतो : कडेचे जनुक जन्मभर कडेला राहत नाही. रक्तपेशी घडत असताना हिमोग्लोबिनचे जनुक कडेकडून आत सरकते, हे उंदरांच्या पेशींत दिसले आहे.

आता सिकलसेलकडे येऊ. हिमोग्लोबिनच्या बीटा गटातली जनुके अकराव्या गुणसूत्रावर एका रांगेत आहेत. आधी गर्भाच्या कामाची, त्यात गॅमा. शेवटी मोठ्या माणसाचे बीटा. रांगेच्या अलीकडे एक नियंत्रक पट्टा आहे आणि तो बीटापासून सुमारे पन्नास हजार अक्षरे दूर आहे. इतक्या दुरून त्याचा हुकूम पोहोचतो कसा, हा प्रश्न बरीच वर्षे होता. २००२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी उंदराच्या पेशींत दाखवून दिले, की डीएनएचा धागा वळसा घेतो आणि पट्टा थेट जनुकाच्या अंगाला भिडतो. लुगड्याच्या निऱ्या घातल्या की कापडातल्या दूरच्या दोन जागा शेजारी येतात, तसेच. आईच्या पोटात हा पट्टा गॅमाला भिडतो. जन्मानंतर हळूहळू गॅमाला सोडून बीटाला.

सिकलसेलमध्ये या बीटा जनुकातले एकच अक्षर बदललेले असते. आईकडून आणि बापाकडून, दोघांकडूनही तेच आले की प्राणवायू कमी पडताच तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडे ठणकू लागतात. ज्या घरात असे लेकरू रात्रभर कण्हते, त्यांना हे आम्ही सांगायला नको. परंतु त्याच लेकराच्या पेशीत गॅमा जनुक शाबूत असते! ते फक्त मिटलेले असते. आजारी बाळ पहिले काही महिने ठीक असते ते यामुळेच. अमेरिकेतल्या डॉ. जेनेट वॉटसन यांनी १९४८ सालीच याकडे लक्ष वेधले होते.

गॅमाचे पान मिटवणारे ‘बीसीएल-११-ए’ हे प्रथिन २००८ साली ओळखले गेले. त्या प्रथिनाच्या जनुकालाही रक्तपेशीपुरती वेगळी कळ आहे. ती कळ निकामी करणाऱ्या ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला २०२३ च्या अखेरीस आधी ब्रिटनने, मग अमेरिकेने परवानगी दिली. बीटामधले चुकलेले अक्षर हा उपचार दुरुस्तच करत नाही. ते आहे तसेच राहते. गॅमा पुन्हा उघडते आणि बहुतेक रुग्णांच्या वेदनांचे झटके थांबतात. ‘रक्तातच आहे’ म्हणणाऱ्यांना याहून मोठे उत्तर कोणते? अमेरिकेत त्याची किंमत मात्र बावीस लाख डॉलर ठेवली गेली. गडचिरोलीच्या माडियाला आणि नागपूरच्या झोपडपट्टीतल्या बौद्धाला हा आकडा वाचूनही काढता येणार नाही.

पण स्वस्तातली एक गोळी आहे. हायड्रॉक्सीयुरिया. अमेरिकेत १९९८ पासून ती सिकलसेलसाठी मान्य आहे आणि अनेक रुग्णांत गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागते, ठराविक दिवसांनी रक्त तपासावे लागते. म्हणजे गोळी, तपासणी आणि डॉक्टर, तिन्ही गावाजवळ हवेत.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी करायची, कार्डे द्यायची, २०४७ पर्यंत आजार हटवायचा. तपासणीला आमचा विरोध नाही. दोघेही वाहक असतील तर दर गर्भारपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते, हे लग्नाआधी कळलेच पाहिजे. पण कार्डाचा रंग सांगून पोरीला घरी पाठवले, की गावात तिच्यावर शिक्का बसतो. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे तिच्या सासरच्यांना कोण समजावणार? आणि जो खरोखर रुग्ण आहे त्याला कार्ड खाऊन बरे वाटत नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. तरी प्रमाणपत्रासाठी खेटे घालणारे आमच्या ओळखीचेच कितीतरी आहेत.

१९ जूनला जागतिक सिकलसेल दिनाच्या फेरीत फलक धरणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि दोनच गोष्टी विचाराव्यात : हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या आज किती शिल्लक आहेत, आणि रक्त तपासायचे यंत्र चालू आहे का? उत्तर लेखी मागावे.