क्रूझ बुक करताय? आधी ‘दात’ बघा!

दिवाळीचा बोनस खात्यात पडला की रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत ट्रिपचे ग्रुप जागे होतात. आतापर्यंत यादी ठरलेली असायची. गोवा, महाबळेश्वर, आणि उत्साह फारच असेल तर मनाली. आता त्यात नवं नाव आलंय, क्रूझ! मुंबईहून संध्याकाळी निघायचं, रात्र समुद्रावर काढायची, डेकवर फोटो, पूलमध्ये रील. घोडनदी आणि भीमेच्या काठावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना याचं अप्रूप वाटणारच. वाटू दे की! कमावते झालात, एकदा जाऊन याच. ‘कशाला हवीत ही थेरं’ असं सांगायला हा लेख नाही.

प्रश्न वेगळाच आहे. आपण क्रूझ निवडतो कशावर? तीस सेकंदांच्या रीलवर आणि ‘फक्त आज’ असं लिहिलेल्या ऑफरवर. ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकतं, चौघं अंगठा दाखवतात, पाचवा क्रेडिट कार्ड काढतो. आणि हे कोण करतं? ज्यांचे आजोबा बाजारात बैल घेताना त्याचे दात बघितल्याशिवाय दावं हातात धरत नव्हते, त्यांचीच नातवंडं. बैलाचं वय दातावरून कळतं, विकणाऱ्याच्या बोलण्यावरून नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बोटीचेही दात असतात. ते रीलमध्ये दिसत नाहीत, विचारावे लागतात.

पहिला दात म्हणजे चक्क बोटीचं वय. मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही क्रूझ 2018 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली, तेव्हा तिचं केवढं कौतुक झालं होतं. काही वर्षांतच ती सेवा थांबली. मग 2021 च्या सप्टेंबरमध्ये ‘कॉर्डेलिया’ आली. ज्या ‘एम्प्रेस’ जहाजानं ती सुरू झाली, ते 1990 सालचं आहे. म्हणजे ही ओळ वाचणाऱ्या बऱ्याच जणांपेक्षा वयानं मोठं! जहाज जुनं म्हणजे वाईट असं मुळीच नाही. नीट देखभाल असेल तर अशी जहाजं वर्षानुवर्षं चालतात. पण आपण सेकंडहँड बाइक घेतानासुद्धा मॉडेल कुठल्या सालचं ते विचारतो. मग ज्यावर रात्रभर झोपायचंय, त्याचं साल का विचारू नये?

दुसरा प्रश्न: रात्री बोट नेमकी काय करते? हसू नका. केरळात आलप्पुळाला हाउसबोट बुक करणाऱ्या अनेकांना वाटतं, रात्रभर चांदण्यात तरंगत जायचं. प्रत्यक्षात तिथल्या हाउसबोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास काठाला बांधतात, कारण त्यानंतर कोळ्यांची जाळी पाण्यात पडतात. दुपारी बाराला चढायचं, सकाळी नऊला उतरायचं, आणि प्रत्यक्ष प्रवास मोजके तास. मुंबई-गोवा क्रूझचं बरोबर उलटं. ती रात्रभर चालते, पण बाहेर काळोख असतो. म्हणजे बाल्कनीवाल्या केबिनसाठी जे जादा पैसे मोजता, ते मुख्यतः संध्याकाळच्या आणि पहाटेच्या थोड्या वेळासाठी. बाकी वेळ तुम्ही डेकवर, जेवणाच्या रांगेत, नाहीतर झोपलेले. दोन्ही प्रकार छान आहेत, पण आपण कशाचे पैसे देतोय हे आधी माहीत हवं.

तिसरा प्रश्न पैशांचा. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा एका माणसाचा असतो आणि तोही केबिनमध्ये दोघं राहणार हे धरून. त्यावर बंदराचे शुल्क, जीएसटी, टिप या नावाखाली लागणारी रक्कम. आत गेल्यावर वायफाय वेगळं, दारू वेगळी, काही शो वेगळे. शेवटच्या पानावरचा एकूण आकडा आणि तिकीट रद्द केलं तर परत काय मिळणार, या दोन गोष्टी स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाका. मग अंगठे मोजा. आणि दौंडहून रेल्वेनं किंवा शिरूरहून एसटीनं मुंबई गाठायचा वेळ विसरू नका. बोट सुटण्याच्या बरंच आधी चेक-इन बंद होतं. जहाज काही कुणासाठी शिरूरच्या स्टँडवर हॉर्न वाजवत थांबत नाही!

आता शेवटचा दात, आणि सगळ्यात महत्त्वाचा. बोटीवर माणसं किती, लाइफ जॅकेट किती आणि ती घालायची कशी हे दाखवणार कधी? मोठ्या जहाजावर निघताना सगळ्यांना एका जागी बोलावतात. भोंगा वाजला तर कुठे जमायचं, जॅकेट कसं बांधायचं, हे सांगतात. बरेच जण त्या वेळी सेल्फी काढत असतात. 13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे आलिशान जहाज खडकावर आदळून कलंडलं. 32 जण गेले. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा हा सराव तोवर झालेलाच नव्हता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. 2015 पासून हा सराव जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी घेणं बंधनकारक झालं. म्हणजे तुम्हाला कंटाळवाणी वाटणारी ती पंधरा-वीस मिनिटं कुणाच्या तरी जिवावर उभी आहेत.

हे झालं इटलीचं. आपल्याकडे 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. 15 जणांचा जीव गेला. त्यानंतर गेटवेवर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. म्हणजे आपल्याकडे नियम कागदावर असतो, तो अंगात चढायला माणसं जावी लागतात.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? दौंडच्या खाली भीमेचं पाणी उजनीच्या फुगवट्याला मिळतं. 21 मे 2024 ला संध्याकाळी याच फुगवट्यात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. होडीत सात माणसं होती. एकजण पोहून काठाला लागला. बाकीचे सहा जण गेले, त्यात दोन लहान मुलं. ती माणसं ट्रिपला निघालेली नव्हती. या काठावरून त्या काठावर जायचं तर रस्त्यानं केवढा वळसा पडतो, म्हणून रोजच्यासारखी होडीत बसली होती. त्यांच्यासाठी ना केबिन होती, ना ऑफर. आणि ‘जॅकेट कुठंय?’ असं विचारायची पद्धतही आपल्याकडे नव्हती.

मला खरं म्हणायचंय ते इथं. लाइफ जॅकेट आपण लक्झरीचा भाग समजतो. मोठ्या जहाजावर असतं ते, महागड्या तिकिटासोबत येतं ते. गावच्या होडीत कशाला? ‘रोजचंच पाणी आहे’, ‘नाखवा ओळखीचा आहे’, ‘दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे.’ पण पाण्याला तुमचं तिकीट किती रुपयांचं होतं हे कळत नाही. समुद्रात जसा माणूस बुडतो, तसाच उजनीत बुडतो. समुद्रातल्या इंटिरियर आणि बाल्कनी केबिनच्या भाड्यात जेवढा फरक असतो, तेवढ्यात आपल्याकडच्या एका होडीतल्या सगळ्यांची जॅकेटं येतील. जरा विचार करा या हिशोबाचा.

कुणी म्हणेल, क्रूझवाल्यांना प्रश्न विचारून काय उपयोग, ते थोडंच ऐकणार? ऐकतात. गिऱ्हाईक जे विचारतं, ते विकणारा जाहिरातीत घालतो. आज आपण ‘पूल आहे का? डीजे आहे का?’ एवढंच विचारतो, म्हणून जाहिरातीत पूल आणि डीजे दिसतात. उद्या शंभर जणांनी ‘सराव कधी होतो, क्षमता किती’ विचारलं, तर तेही छापून येईल.

खरी अडचण दुसरीच आहे. ती आपण बोलून दाखवत नाही. हे प्रश्न विचारले की आपण गावाकडचे वाटू, अशी भीती वाटते. समोरची मुलगी फोनवर फाडफाड इंग्रजीत पॅकेज सांगते आणि आपण ‘ओके, ओके’ म्हणत पैसे भरतो. मैत्रिणींनो, मित्रांनो, मराठीत विचारा. नाही समजलं तर परत विचारा. लेखी मागा. पैसे तुमचे आहेत, काहींचे तर सहा महिन्यांच्या हप्त्यांवरचे आहेत. मार्केट यार्डात कांद्याची गोणी ओतून बघणारा व्यापारी काही अडाणी नसतो. त्याला व्यवहार कळत असतो.

आणि क्रूझवरून परत आल्यावर ही सवय मुंबईतच सोडून येऊ नका. थंडीत भिगवणजवळ कुंभारगावला फ्लेमिंगो बघायला जाल, तेव्हा होडीत पाय ठेवायच्या आधी तोच प्रश्न विचारा. जॅकेट दिलं तर घाला, फोटोसाठी काढू नका. जास्त माणसं बसत असतील तर पुढच्या फेरीची वाट बघा, पक्षी कुठं पळून जात नाहीत. आकाश भरून आलं आणि नावाडी ‘आज नको’ म्हणाला, तर शंभर रुपये जास्त देऊन त्याचं मन वळवू नका. तो तुमच्यापेक्षा पाणी जास्त ओळखतो. आणि ज्या घाटांवरून माणसं रोज होडीनं ये-जा करतात, तिथं जॅकेटं का नाहीत, हा प्रश्न येत्या ग्रामसभेत उभं राहून विचारा. अठरा वर्षं पूर्ण झालीत ना? मग ग्रामसभेत बोलायला ना पास लागतो, ना बुकिंग.

क्रूझला जरूर जा. फोटो टाका, आम्ही लाइक करू. फक्त त्या फोटोंमध्ये एक केशरी जॅकेटमधलाही असू द्या.